गार झाल्यावर गळणारं भांडं

आमच्या वर्कशॉपमध्ये नुसत्या खोलीत ठेवलेल्या वस्तूला ‘गरम’ म्हणतात. बाहेरच्या माणसाला ते चमत्कारिक वाटतं. पण रोज द्रव नायट्रोजन ओतणाऱ्यांच्या लेखी टेबल गरम, खुर्ची गरम, विसरून राहिलेला चहासुद्धा गरमच. तर ते भांडं गरम असताना अगदी शहाण्यासारखं वागायचं. नायट्रोजन ओतला की बिघडायचं.

आईने डिझाइन केलेलं ते शेवटचं भांडं. दिसायला दुधाच्या कॅनसारखं. एकात एक बसवलेली स्टीलची दोन नळकांडी, दोन्हींच्या मधली हवा पंपाने काढून टाकलेली, आणि आतल्या नळकांड्याला तांब्याचा जाड तळ. आत नायट्रोजन भरला की तळ गारठतो. त्या तळाला खालून, भांडं मागवणाऱ्या प्रयोगशाळेचा प्रकाशमापक बसवायचा. फार मंद उजेड मोजायचा तर मोजणाराही गारठलेला लागतो, नाहीतर स्वतःच्याच उबेपायी तो नसलेला उजेड मोजत बसतो. सगळी मदार त्या मधल्या पोकळीवर. तिच्यात जरासा जरी वायू शिरला तरी बाहेरची ऊब आत पोचते, नायट्रोजन भराभर उकळून जातो, आणि भांड्याला बाहेरून आधी घाम फुटतो, मग पांढरं हिम धरतं.

आमच्या भांड्याला रोज घाम फुटत होता. रिकामं करून गरम होऊ दिलं की गळती गायब. दातदुखी डॉक्टरांच्या दारात थांबते, तशी.

आईला जाऊन अजून फार दिवस झाले नव्हते. वर्कशॉप तिचं. लेथवर तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा. वेल्डिंगला एक जण होता, त्याला सगळे काजवा म्हणायचे. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागत असेल. आकडेमोड आणि चाचण्या माझ्याकडे. तांब्याचे जोड मात्र आई स्वतः करायची. टॉर्चच्या ज्योतीने तांबं आणि स्टील तापवायचं, चांदीची सळई टेकवायची, आणि वितळलेली चांदी फटीत धावताना बघायची. ती धावताना आई श्वास रोखायची. आम्हीही रोखायचो.

त्या दिवसांत मला कुठेच बसवत नव्हतं. घरी असले की वर्कशॉप आठवायचं, वर्कशॉपमध्ये असले की फाटकापर्यंत जाऊन यावंसं वाटायचं. उशाशी पुस्तकांचा ढीग होता. कुठलंही उघडलं तरी पहिल्याच पानावर मी भांड्याचे स्क्रू मोजायला लागायचे.

“बस ना जरा,” बाबा म्हणायचे.

“तुम्ही बसा.”

“मी बसलोच होतो. तू आलीस म्हणून उठलो.”

आधी मी रबरी कड्यांवर संशय घेतला. रबर गारठलं की कडक होतं आणि सील सोडतं. सगळी कडी बदलली. मग मापकाच्या तारा जिथून बाहेर येतात ती जागा तपासली. मग पंपाची नळी बदलली, मग खुद्द पंप. प्रत्येक वेळी भांडं भरायचं, पोकळीचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघायचं. थोडा वेळ काटा जागच्या जागी असायचा. मग कुणीतरी कानात फुंकर घातल्यासारखा हलायचा, आणि एकदा हलला की चढतच जायचा.

“घाम आला,” काजवा दुरूनच सांगायचा.

“दिसतंय मला.”

“नाही, तुम्हाला म्हणतोय, लहान ताई. कपाळावर.”

प्रयोगशाळेच्या बाईंचा फोन यायचा. ते भांडं त्यांच्या दुर्बिणीवर बसणार होतं. माझ्या कॉलेजच्या दिवसांपासून त्या मला ओळखत होत्या.

“काय म्हणतंय आमचं बाळ?”

“जरा कुरकुर करतंय.”

“तुझी आई ‘जरा’ म्हणायची नाही. एक तर ‘तयार आहे’ म्हणायची, नाहीतर फोन उचलायची नाही.”

“मग मी उचलला ती चूकच झाली.”

त्या हसल्या, पण ठेवताना म्हणाल्या, “हे बघ, एकदा ते दुर्बिणीत चढलं की वर्षभर त्याला कुणी हात लावणार नाही. डोळे मिटून देता येईल तेव्हाच दे.”

दुसऱ्या दिवशी मी आतलं नळकांडं तपासायचं ठरवलं. खरं तर ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. गळती शोधायचं एक यंत्र आमच्याकडे आहे. ते फक्त हेलियम वायू ओळखतं. पोकळीला जोडून ठेवायचं आणि भांड्याच्या दुसऱ्या बाजूने हेलियम सोडायचा. कुठूनही कणभर आत शिरला तर ते ओरडायला लागतं. वास काढतं आणि भुंकतं, म्हणून आईने त्याचं नाव कुत्रा ठेवलं होतं. मी आतलं नळकांडं नायट्रोजनने गारठवलं, नायट्रोजन ओतून टाकला आणि ते गार आहे तोवरच आत हेलियम सोडला.

कुत्रा असा भुंकला की काजव्याच्या हातातला कप हिंदकळला.

म्हणजे गळती आतल्या नळकांड्यालाच होती. आणि त्याला जोड दोनच. वरच्या मानेचा वेल्ड काजव्याचा. खालच्या तांब्याचा जोड आईचा.

“माझ्या वेल्डला मी तीनदा शॉक दिलाय,” काजवा लगेच म्हणाला. “हवं तर आणखी तीनदा देतो. हवं तर बायकोची शपथ घेतो.”

“बायकोला कशाला मध्ये आणतोस?” मामा म्हणाला.

“तिचीच चालते सगळीकडे.”

शॉक म्हणजे नायट्रोजनचा शॉक. नवा जोड एकदम गारठवायचा, गरम होऊ द्यायचा, पुन्हा गारठवायचा. आकसताना तांबं स्टीलपेक्षा जास्त आकसतं, तेव्हा जोडात काही लपलेलं असेल तर तिथेच उघडं पडतं. आमच्याकडे पद्धत अशी, की ज्याने जोड केला त्यानेच शॉक द्यायचा. आपलं मूल आपणच परीक्षेला नेऊन बसवायचं, असं आई म्हणायची. शॉक दिलेले भाग खिडकीजवळच्या मांडणीवर ठेवायचे. मांडणीवर आहे म्हणजे तपासलेलं आहे, पुढचा माणूस ते उचलून बिनधास्त बंद करू शकतो. मीही तांब्याचा तळ असलेलं ते नळकांडं मांडणीवरूनच उचललं होतं आणि बाहेरच्या कवचात बंद केलं होतं.

“आता कवच उघडू,” मी म्हटलं.

मामा लेथ पुसत होता. लेथ आधीच स्वच्छ होता. “आधी वेल्ड बघ.”

“वेल्ड बघायलाही उघडावंच लागेल, मामा.”

“मग उघड. पण तळाकडे जाऊ नकोस. ताईचा जोड आहे तो.”

“म्हणून तर.”

“म्हणून तर काय? तिचा एक तरी जोड गळलेला पाहिलायस?”

नव्हता पाहिला. त्यामुळेच इतके दिवस मी रबर, तारा, नळ्या, पंप असं फिरत राहिले होते. दार समोर असताना खिडक्यांना कुलपं लावत सुटावं तसं. आम्ही तिघंही त्या एका जागेभोवती चकरा मारत होतो, आणि तिकडे बोट दाखवायला कुणी तयार नव्हतं.

कवच उघडलं. काजव्याच्या वेल्डवर हेलियम फिरवला, कुत्रा गप्प. काजव्याने टाळी वाजवली आणि मामाचा चेहरा पाहून हात खिशात घातले. मग मी तळाच्या जोडावर नायट्रोजन ओतला. तांबं किंचाळलं, मग निवलं. गरम होऊ दिलं, पुन्हा ओतला. त्यानंतर बारीक नळीने जोडाभोवती हेलियम फिरवू लागले. अर्ध्यापर्यंत काही नाही. अर्ध्याच्या जरासं पुढे गेले आणि कुत्र्याने आधी गुरगुर केली, मग भुंकला. नळी काढली, थांबला. पुन्हा नेली, पुन्हा भुंकला. एकच जागा, नखाएवढी.

मामा तिथेच स्टुलावर बसला.

“तिथेच ती थांबली होती,” तो म्हणाला.

“कोण?”

“ताई. आणखी कोण?”

काजवा बाहेर गेला.

“तू त्या दिवशी प्रयोगशाळेत गेली होतीस,” मामा म्हणाला. “तिचा अर्धा जोड झाला होता, एकदम झकास. मग तिने टॉर्च खाली ठेवली. म्हणाली, जरा दम खाते. मी म्हटलं, राहू दे, उद्या करू. तर म्हणते, अर्धा जोड कुणी टाकून ठेवतं का? आणि टॉर्च उचलायला गेली तर हात वर येईना. मग म्हणाली, तू कर. मी केला.”

“तोवर तो गार झाला होता?”

“मग काय करणार! तिला पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं, तुझ्या बाबांना फोन केला. गार होणारच ना.”

जोड एकाच तापात पुरा करायचा असतो. मध्ये थांबलं तर अर्धी चांदी थिजते. नंतर नवी चांदी तिच्यापर्यंत येते, पण दोघी नीट मिसळत नाहीत. मध्ये काळा, जळका पापुद्रा राहतो. गरम असताना तो दिसत नाही, कळत नाही. मामाला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं.

“आणि शॉक?”

“कुणी द्यायचा?” त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं. “जोड तिचा, शॉक ती देणार. तिला तर संध्याकाळी हॉस्पिटलात नेलं.”

“अर्धा तुझा होता ना?”

“माझा कसला! मी नुसती सळई फिरवली.”

“मग मांडणीवर कुणी ठेवला?”

“मी. ताईचं काम काय जमिनीवर ठेवू?”

मला रागावता येईना. त्याच्या लेखी ते तिचं होतं, म्हणून त्याने शॉक दिला नाही. आणि तिचंच होतं म्हणून त्याने ते सर्वांत चांगल्या जागी ठेवलं. मीही आईचं काम म्हणूनच ते उचललं, दोन्ही हातांनी, काही न विचारता. आम्ही दोघांनीही तिच्यावर माया केली होती, आणि त्या मायेतून वायू गळत होता.

“ऐक,” मामा म्हणाला. “तेवढ्याच जागेला ताप देऊ. नवी सळई टेकवू. बाकीचा जोड जसाच्या तसा राहील.”

“तो तिसरा ताप होईल. एका कच्च्या जागेच्या दोन होतील.”

“म्हणजे कापणार.”

“कापावंच लागेल.”

“चांगलंय, भाचेबाई. आईचं काही ठेवायचंच नाही असं ठरवलंयस का तू? कपाट रिकामं केलंस, तिची खुर्ची भिंतीला लावलीस, आता हेही काप.”

कपाट बाबांनी रिकामं केलं होतं. ते मी सांगितलं नाही. बाहेर गेले आणि गॅसच्या सिलिंडरांभोवती फेऱ्या मारत राहिले. काजवा तिथे उभा होता. त्याने एकदा घड्याळाकडे, एकदा माझ्या चपलांकडे पाहिलं. “एवढं चालल्यावर माणूस कुठेतरी पोचतो,” तो म्हणाला.

आईने कापलंच असतं, असं मला वाटत होतं. पण गेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्याला हवं ते घालणं फार सोपं असतं. मामाच्या मनातली आई म्हणत होती, राहू दे. माझ्या मनातली म्हणत होती, काप. दोघींपैकी एकीलाही विचारण्याची सोय नव्हती. विचारता येत होतं ते एवढंच, की दुर्बिणीवर चढल्यानंतर, जिथे कुणी हात लावणार नाही तिथे, ते ठिगळ टिकेल का. मी स्वतःलाच विचारलं आणि उत्तर माहीत असल्यामुळे आणखी एक फेरी मारली.

घरी बाबांना सांगितलं. ते ग्रंथपाल होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातात पुस्तकं दिली, पण आईच्या कामातलं एक अक्षर त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आता म्हणाले, “कुठला जोड? काढून दाखव.”

मी वर्तमानपत्राच्या कडेला आकृती काढली. नळकांडं, तळ, मधली फट, फटीतली चांदी.

“एवढुसं?”

“एवढंच.”

“आणि त्यासाठी ती जेवायला उशिरा यायची?”

“यासाठीच.”

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा आकृती पाहिली. “मामा काय म्हणतो?”

“नको म्हणतो.”

“साहजिक आहे. त्याचाही हात लागलाय त्याला.” मग म्हणाले, “मला वाटतं, कापलंस तर त्यालाच कापू दे. तू परस्पर काही करू नकोस.”

सकाळी मी मामासमोर नळकांडं ठेवलं. तो बराच वेळ त्याला उलटंपालटं करत राहिला. मग लेथच्या जबड्यात धरलं, नीट मध्यावर आलंय का ते बघत दोनदा सैल करून पुन्हा आवळलं. असं तो कधी करायचा नाही. त्याला एकदाच पुरायचं.

“लांबी कमी होईल,” तो म्हणाला.

“नवी मापं काढलीत मी. मापक तेवढाच वर सरकेल. बाईंना कळवलंय, त्या त्यांच्याकडची बैठक उंच करून घेणार आहेत.”

“म्हणजे सगळं ठरवूनच आलीस.”

“तू नाही म्हणालास तर सगळं रद्द.”

त्याने लेथ चालू केला. आधी जोडाच्या वरून स्टील कापलं. मग तळाच्या तांब्याची कड अगदी पातळ पातळ सोलायला लागला. तांब्याचे लाल वळसे ट्रेमध्ये पडत होते. सोलता सोलता खालून चांदी वर आली, तांब्यात एक उजळ, बारीक रेघ. मामाने लेथ थांबवला. हाताने तळ हळूहळू फिरवला. आईची बाजू पूर्ण भरलेली होती, कुठे एक टाचणीचं टोक शिरणार नाही अशी. मग ती काळी, केसासारखी भेग. आणि तिच्या पलीकडे पुन्हा चांदी, तितकीच भरलेली.

मामा त्या पलीकडच्या बाजूवर अंगठा फिरवत राहिला.

“माझा पण बरा झाला होता की,” तो म्हणाला.

“चांगला झाला होता.”

“मग मी उगीच…” त्याने नाक ओढलं, लेथ चालू केला आणि उरलेला जोड लगेच सोलून संपवला, जणू थांबला तर जमणार नाही. ट्रेमधले वळसे नेहमीच्याच ब्रशने नेहमीच्याच डब्यात लोटले. चांदी, तांबं, सगळं एकत्र. मी मध्ये पडले नाही. बाबांसाठी जोडातलं स्टीलचं कापलेलं कडं तेवढं बाजूला ठेवलं.

नव्याने जोड करायचा प्रश्न आला तेव्हा मामा टॉर्चपासून दोन पावलं लांब उभा राहिला.

“तू कर.”

“मी एवढा मोठा कधी केला नाहीये.”

“मीही नव्हता केला.”

मी आईचा काळा चष्मा घातला. तो नाकावरून घसरत होता, म्हणून काजव्याने मागे दोरी बांधून दिली. तांब्याचा तळ हावरट असतो. कितीही ताप दिला तरी गिळत राहतो. मी ज्योत गोल गोल फिरवत होते, मामा खालचं फिरतं टेबल एका गतीने वळवत होता. तांबं लालसर व्हायला लागलं, तशी सळई टेकवली, आणि चांदी एकदम पातळ होऊन फटीत धावली. आम्ही तिघांनी श्वास रोखले. पाव, अर्धा. अर्ध्याच्या पुढे माझा दंड भरून आला, मग जळायला लागला. टॉर्च जड नसते, पण तेवढ्याच उंचीवर तेवढ्याच अंतरावर धरून ठेवायची म्हटली की शिसं धरल्यासारखी होते. आईला हे रोज होत असणार. शेवटच्या काही महिन्यांत रोज होत असणार, आणि जेवताना ती डाव्या हाताने पाणी घ्यायची ते मी पाहिलं होतं, पाहून सोडून दिलं होतं.

मामाचा एक हात टेबल सोडून टॉर्चकडे यायला लागला.

“नको,” मी म्हटलं. “तू फिरव. थांबू नकोस.”

त्याने हात मागे घेतला. टेबल पुन्हा सारखं वळायला लागलं. चांदी आली, आली, आणि सुरुवातीला मिळाली. ती मिळताना फटीच्या दोन्ही बाजूंची चमक एक झालेली मी पाहिली. टॉर्च विझवली तेव्हा हात आपोआप खाली पडला.

“चहा करू का?” काजव्याने विचारलं. आणि कुणी काही म्हणायच्या आत केलाही.

जोड आपोआप निवला. मी नायट्रोजन ओतला. तांबं किंचाळलं. गरम होऊ दिलं, पुन्हा ओतला, पुन्हा गरम. मधल्या वेळात मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले, मामा एकदा. वाटेत आम्ही एकमेकांना ओलांडलं तेव्हा तो म्हणाला, “पाय मोकळे करतोय.” मी म्हटलं, “मीही.”

मग नळकांडं कुत्र्याला जोडलं. हेलियमची नळी हातात घेतली आणि जोडाभोवती सावकाश फिरवू लागले. काजवा यंत्रापाशी. मामा माझ्या मागे, इतका जवळ की त्याचा श्वास मानेला लागत होता. पाव झाला. अर्धा झाला. अर्ध्यापाशी मी गती आणखी कमी केली. तिथे काही नव्हतं. पुढेही काही नव्हतं. पूर्ण फेरी झाली आणि काटा हलला नाही.

“पुन्हा फिरव,” मामा म्हणाला.

फिरवली.

“उलट्या बाजूने.”

उलट्या बाजूनेही फिरवली. कुत्रा गप्प होता. काजव्याचा चहा गार झाला होता, म्हणजे आमच्या भाषेत गरम.

“बंद करू का?” काजव्याने विचारलं.

“थांब,” मामा म्हणाला.

मीही म्हटलं, “थांब.”

पंपाची घरघर चालू राहिली. आम्ही दोघं त्या न हलणाऱ्या काट्याकडे बघत उभे होतो. बंद केलं की वर कवच चढवायचं तेवढं उरलं असतं, मग भांडं तयार, आणि तयार भांडं द्यावं लागतं. बाईंची गाडी दुपारी येणार होती. मामाने एकदा माझ्याकडे पाहिलं, काजव्याने एकदा दोघांकडे. मग मीच हात पुढे करून बटण दाबलं.